पुराची पिशवी: मिरगाच्या आत घरीच भरायची

२०१९ ची नागपंचमी सोमवारी, ५ ऑगस्टला आली होती. पुरणाची दिंडं उकडायला ठेवली होती आणि गल्लीतली पोरं ओरडत आली, पाणी कोपऱ्यावरच्या चक्कीपर्यंत आलंय. त्यानंतरच्या चाळीस मिनिटांत मी आमची पहिली पुराची पिशवी भरली. पिशवी कसली, माहेरहून आलेली चाकाची मोठी सूटकेस. तिच्यात पाच किलो तांदूळ, तूरडाळ, कुकर, देव्हाऱ्यातले चांदीचे देव, पोराचं सगळं दप्तर, दोन पैठण्या, विम्याचे कागद आणि इस्त्री. इस्त्री का घेतली, ते मला आजही सांगता येत नाही.

पाण्यात चाकं फिरत नाहीत हे दारातल्या पायरीवरच कळलं. ह्यांनी सूटकेस डोक्यावर घेतली, मी पोराला कडेवर, आणि आत्या (आमच्याकडं सासूबाईंना आत्या म्हणतात) माझ्या पदराला धरून गुडघाभर पाण्यातनं आल्या. मंगल कार्यालयात सोय केली होती. रात्री साडेनऊला सतरंजीवर टेकल्यावर आत्यांनी विचारलं, "माझं इंजेक्शन घेतलंस न्हवं?"

इन्सुलिन फ्रिजच्या दारात राहिलं होतं. इस्त्री मात्र घेतलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी छावणीत आलेल्या डॉक्टरांनी सोय केली म्हणून निभावलं. पण त्या रात्रीपासून मी दर उन्हाळ्यात पिशवी भरते. २०२१ ला ती खरोखर उचलून बाहेर पडायची वेळ आली, तेव्हा आणखी चार चुका कळल्या. त्या सगळ्या धरून हे लिहिते आहे. नदीकाठच्या गावात नव्यानं भाड्यानं राहायला आलेल्यांनी, नवीन सून म्हणून आलेल्यांनी आणि ज्यांच्या घरात अजून पूर शिरलेला नाही त्यांनी वाचावं. जुन्या कोल्हापूरकरांना यातलं निम्मं पाठ असेल.

आधी आपल्या घराचा आकडा काढा

पावसाळ्यात कोल्हापुरात माणसं एकमेकांना "जेवलास का" विचारायच्या आधी "पाणी किती फुटावर?" विचारतात. हा आकडा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचा. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. सांगलीत हेच माप आयर्विन पुलापाशी मोजतात आणि तिथं इशारा ४० ला, धोका ४५ ला. २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती आणि कृष्णा आयर्विनला ५७ च्या वर.

पण हे आकडे शहराचे झाले, तुमच्या दाराचे नव्हेत. धोका पातळीला एखादी गल्ली पाण्यात असते आणि दुसरीला पन्नास फुटांपर्यंत काही होत नाही. म्हणून गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला गाठा. किती फुटांना पाणी गल्लीच्या तोंडाशी येतं, कोणत्या बाजूनं येतं, आधी गटारीतनं उलटं येतं की रस्त्यावरनं, आणि शेवटचा कोरडा रस्ता कुठला राहतो, एवढं विचारा. भिंतींवर २००५, २०१९, २०२१ च्या रेघा दिसतील, त्याही बघून ठेवा. आमच्या गल्लीचा आकडा ४७ आहे. आम्ही ४५ ला निघतो. ते दोन फूट आत्यांच्या गुडघ्यांसाठी ठेवलेले आहेत.

राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की ते पाणी इकडं पोचायला काही तास जातात. त्या बातमीला आम्ही पिशवी खाली काढतो. निघायचं ते मात्र आपल्या आकड्याला.

कोकणातल्या मंडळींना एवढी सवड मिळत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात वाशिष्ठीचं पाणी रातोरात चढलं. आमच्याकडं पूर पायऱ्या मोजत येतो, तिकडं तो दार ढकलून येतो. तिकडं राहत असाल तर पुढं लिहिलेलं सगळं जूनच्या पहिल्या आठवड्यातच करून ठेवायचं, "बघू, पाऊस लागला की" हे वाक्य तिकडं चालत नाही.

भरायचा दिवस

मी पिशवी चटणीच्या दिवशी भरते. एप्रिल-मे मध्ये वर्षाची चटणी डंकावर कुटून आणली की घर तसंही उलटंपालटं झालेलं असतं, डबे उन्हात असतात, जुन्या पिशव्या बाहेर आलेल्या असतात. पापड, सांडगे, चटणी आणि पिशवी, अशी ती बेगमीत बसली आणि तेव्हापासून विसरली गेली नाही. मृग ७ जूनच्या सुमाराला लागतो, त्याच्या आत झाली म्हणजे झालं. जुलैमध्ये भरायला बसाल तर शिट्टीसुद्धा दुकानात मिळत नाही. २०१९ ला पुणे-बंगळूर हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि आठवडाभर शहरात बाहेरनं काही येईना. पेट्रोल अत्यावश्यक गाड्यांनाच. दुधाच्या पिशवीला रांग. मेणबत्त्या तर दुसऱ्याच दिवशी संपल्या होत्या.

पिशवी कोणती

दोन्ही खांद्यांवर अडकणारी, शाळेच्या दप्तरासारखी. दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत, कारण एका हातात काठी असते आणि दुसऱ्या हातात कोणीतरी. धडधाकट माणसामागे एक पिशवी, वजन सात-आठ किलोच्या वर नको. मुलाची स्वतःची लहान पिशवी असू दे, तिच्यात त्याचे कपडे, पाण्याची बाटली आणि एक खेळणं. एवढ्यावर तो मिरवत चालतो, कडेवर बसायचा हट्ट करत नाही.

"वॉटरप्रूफ" लिहिलेल्या बॅगेवर विश्वास ठेवू नका. चेनीतनं पाणी जातंच. पिशवीच्या आत आधी एक जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालायची, सामान तिच्यात भरायचं, तोंड पिळून उलटं दुमडायचं आणि रबर लावायचं. आतली हवा कोंडली जाते आणि पिशवी पाण्यात पडली तरी लगेच बुडत नाही. गुळाच्या किंवा साखरेच्या पोत्यातली आतली प्लास्टिकची पिशवी मिळाली तर उत्तम. खताचं पोतं नको, कितीही धुतलं तरी.

औषधं सगळ्यात वर

शेवटी भरायची, म्हणजे सगळ्यात वर येतात. घरात रोज कोण काय घेतं ते कागदावर लिहा: नाव, किती मिलिग्रॅम, केव्हा. नाव लिहायचं ते पाकिटावरनं बघून. "ती पांढरी लांबट गोळी" एवढ्यावर छावणीतला डॉक्टर काही करू शकत नाही, हे मी स्वतः करून पाहिलं आहे. बीपी, थायरॉईड, फिट, दमा यांची औषधं आठवड्याची जादा घेऊन ठेवा आणि दर महिन्याला नवीन आणलं की पिशवीतलं वापरायचं, नवीन पिशवीत. नाहीतर तारीख उलटते. दम्याचा पंप असेल तर एक पिशवीत कायम.

इन्सुलिनबद्दल थोडं सविस्तर, कारण ते आमचं दुखणं आहे. न फोडलेली बाटली फ्रिजमध्येच ठेवायची, फ्रीझरमध्ये नाही. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी फेकायचं. वापरात असलेली बाटली किंवा पेन मात्र ३० अंशांच्या खालच्या तापमानात साधारण चार आठवडे चालतं, नक्की किती ते पाकिटातल्या कागदावर बघा. जुलै-ऑगस्टच्या कोल्हापुरात गारठाच असतो, तेव्हा वीज गेली म्हणून घाबरून बाटली बर्फात कोंबायची गरज नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं लहान मडकं पुरतं. पिशवीत इन्सुलिन आधीपासून ठेवता येत नाही, हीच त्यातली गोम. म्हणून आम्ही फ्रिजच्या दारावर लाल पट्टी चिकटवली आहे आणि पिशवीच्या बंदाला तसलीच लाल पट्टी बांधली आहे. पिशवी उचलताना लाल दिसलं की फ्रिज आठवतो. सुया, ग्लुकोमीटर, त्याच्या पट्ट्या आणि साखर उतरली तर खायला गूळ किंवा ग्लुकोज, हे मात्र वर्षभर आतच.

बाकी औषधांत पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, जखमेवरचं मलम, कापूस, चिकटपट्टी, बँडेजची गुंडाळी. ओआरएस संपलं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. मीठ अंदाजे टाकू नका, जास्त झालं तर लहान मुलांना अपाय होतो.

पाणी

चोहीकडं पाणी आणि प्यायला थेंब नाही, ही गोष्ट पूर पाहिलेल्यांना सांगावी लागत नाही, न पाहिलेल्यांना पटत नाही. झालं असं होतं की नदीकाठचे उपसा पंपच पाण्याखाली गेले. नळ बंद. जिथं पुराचा थेंब आला नाही अशा उंचावरच्या कॉलन्यांतही आठवडाभर टँकरमागं घागरी घेऊन माणसं पळत होती. २०२१ ला पुन्हा तेच.

माणशी दिवसाला पिण्या-शिजवण्याला मिळून तीन-चार लिटर धरा. चार माणसं, तीन दिवस, म्हणजे चाळीस लिटरच्या आसपास. एवढं पाठीवर नेता येत नाही, म्हणून पाण्याची दोन ठिकाणी वाटणी करायची. पिशवीत माणशी एक लिटरची बाटली. वरच्या मजल्यावर किंवा ज्यांच्याकडं जाणार त्यांच्याकडं झाकणाचे कॅन. पाणी ३९ ला पोचलं की आम्ही हे कॅन, कळशी, कुकर, बादल्या, सगळं भरून घेतो. नळाला तेव्हा अजून पाणी असतं.

नंतर मिळेल ते पाणी पिण्याजोगं करायची सोय पिशवीत हवी. आधी गाळायचं. सुती जुनी साडी घ्या, नवी नको. वापरून वापरून विरलेल्या सुताचे धागे फुलतात आणि जाळी बारीक होते. ती चार-पाच घड्या करून गाळायचं. हे आजीचं शास्त्र म्हणून सोडून देऊ नका. बांगलादेशात घडी घातलेल्या साडीनं पाणी गाळणाऱ्या गावांत पटकी (कॉलरा) जवळपास निम्म्यानं कमी झाल्याचं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं होतं, कारण पटकीचे जंतू ज्या बारीक जीवांना चिकटून असतात ते कापडात अडकतात. तरी गाळलेलं पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. गढूळ असेल तर तुरटी फिरवा, गाळ बसू द्या, वरचं निवळ ओता. तुरटीनं माती बसते, जंतू मरत नाहीत. मग उकळा. खळखळ उकळी आल्यावर मिनिटभर पुरे. गॅस नसेल तर क्लोरीनची गोळी. इथं एक सावधगिरी: काही गोळ्या एका लिटरला असतात, काही वीस लिटरला, तेव्हा पाकीट वाचल्याशिवाय टाकू नका, आणि टाकल्यावर अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात गोळी टाकली तर क्लोरीन मातीतच खर्ची पडतं. क्रम गाळणं, निवळणं, मग गोळी.

खायला

कच्चा शिधा नको. माझ्या पाच किलो तांदळाला शिजवायला ना गॅस होता ना पाणी. शेवटी ते छावणीच्या स्वयंपाकाला दिले, तेवढं पुण्य. भडंगसुद्धा मी दुसऱ्या वर्षी भरलं आणि २०२१ ला पस्तावले, खारट-तिखट खाऊन पाणी जास्त लागतं आणि जागाही फार अडते. आता कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, फुटाणे, दूध पावडर. दोन दिवसांचं, आणि सगळं एकदा पाण्याशिवाय खाऊन बघितलेलं. नंतर छावणीत जेवण मिळतंच. कोल्हापूर त्या बाबतीत उपाशी ठेवत नाही. चमचा, एक ताटली, पेला. आत्यांच्या मिसरीची डबी. हसू नका, २०१९ ला इन्सुलिननंतर दुसरा मोठा प्रश्न तोच होता.

कागद आणि पैसे

आधार, रेशनकार्ड, पासबुक, विमा, घराचे कागद, मुलाचा जन्मदाखला. मूळ कागद उंच सुरक्षित जागी किंवा उंचावरच्या नातेवाइकांकडं, पिशवीत झेरॉक्स, मोबाईलमध्ये फोटो आणि डिजिलॉकरमध्ये जे निघतं ते. जेल पेननं लिहिलेलं पाण्यात वाहून जातं. यादी आणि फोन नंबर बॉलपेननं किंवा शिसपेन्सिलीनं लिहा. नंबर कागदावर हवेतच, कारण फोन बंद पडल्यावर स्वतःच्या नवऱ्याचा नंबर आठवेनासा होतो. ११२ आणि जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर यादीच्या वर.

निघण्याआधी मोबाईलवर घराचा एक व्हिडिओ करा, प्रत्येक खोली, फ्रिज, टीव्ही, धान्याची पिंपं, गाडी. नंतर पंचनाम्याला तलाठी आले की "काय काय होतं" हे सांगायला शब्द फुटत नाहीत.

पैसे सुट्टे. दहा, वीस, पन्नास, शंभर. वीज आणि नेट गेलं की स्कॅन करून पैसे देता येत नाहीत आणि पाचशेचे सुट्टे कोणी देत नाही. आम्ही दोन हजार ठेवतो, आणि ते गणपतीत उसने काढायचे नाहीत असं ठरलेलं आहे. (दरवर्षी निघतात.)

उजेड, फोन

कपाळाला लावायची बॅटरी घ्या. हातातली बॅटरी म्हणजे एक हात गेला. सेल आत घालून ठेवले तर पाझरतात, वेगळ्या पुडीत ठेवा. पॉवर बँक दहा हजार एमएएचची असेल तर साध्या मोबाईलला दोनेकदा पुरते. ३९ फूट ऐकलं की ती पूर्ण भरून ठेवायची. एक जुना बटणांचा फोन असेल तर सोन्याहून पिवळं, त्याची बॅटरी दिवसेंदिवस टिकते. फोन लागत नसला तरी साधा एसएमएस कधीकधी जातो, "सगळे सुखरूप, अमुक ठिकाणी" एवढं पाठवा आणि फोन बंद करा. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना दर तासाला व्हिडिओ दाखवत बसलात तर तुमचीच बॅटरी जाणार.

काडेपेटी घट्ट झाकणाच्या डबीत. पण पाणी शिरलेल्या घरात काडी ओढू नका, सिलिंडर तरंगून आडवा झालेला असू शकतो.

पाय

यावर कोणी बोलत नाही आणि सगळ्यात जास्त जखमा पायालाच होतात. पाण्याखाली काचा, खिळे, पत्रे, उघडी गटारं. चप्पल चिखलात रुतते आणि निघून जाते. २०१९ ला आम्ही तिघं अनवाणी पोचलो. आता जुने कॅनव्हासचे बूट, नाडी बांधायचे, पिशवीच्या बाहेर टांगलेले. त्यांत मोजे. पुढच्या माणसाच्या हातात काठी, ती आधी टेकवायची आणि मग पाय. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर जायचंच नाही. गच्चीवर थांबायचं, शिट्टी वाजवायची.

शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात. आवाज बसतो, शिट्टी बसत नाही. बोटवाल्यांना पावसात हाक ऐकू येत नाही, शिट्टी लगेच कळते. दहा मीटर दोरी घ्या, पण ती एकमेकांच्या कमरेला बांधू नका. एक वाहिला तर सगळे जातात. दोरी हातात धरायची किंवा खांबाला बांधायची.

पाण्यातनं बाहेर आल्यावर पाय साबणानं धुऊन, कोरडे करून, बोटांच्या बेचक्यांत पावडर. जखम असेल तर लेप्टोची (उंदरांच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्यातनं होणारा ताप) भीती असते. त्याच्या प्रतिबंधाच्या गोळ्या डॉक्टर देतात, स्वतःच्या मनानं घेऊ नका. पाणी उतरल्यावर आठ-पंधरा दिवसांनी ताप, अंगदुखी, डोळे लाल झाले तर "मी पुराच्या पाण्यातनं चालले होते" हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

बायकांनी बायकांसाठी

२०१९ च्या पिशवीत माझ्यासाठी दोन पैठण्या होत्या आणि एकही पॅड नव्हतं. पाळी छावणीत दुसऱ्याच दिवशी आली, भिजल्यामुळं की भीतीनं, कोण जाणे. दोनशे माणसं, बायकांना दोन संडास, त्यातल्या एकाला कडी नाही. मदतीच्या गाड्यांतनं बिस्किटं आली, चादरी आल्या, पॅड चौथ्या दिवशी आले.

तेव्हा तारखा मोजत बसू नका, दोन पाकिटं कायम. काळ्या पिशव्या आणि जुने वर्तमानपत्र टाकायला. आतले कपडे तीन जोड, कारण काहीच वाळत नाही. गडद रंगाचा गाऊन आणि एक मोठी ओढणी. ओढणी म्हणजे कपडे बदलताना आडोसा, रात्री पांघरूण, तान्ह्याला पाजताना पडदा, आणि चार घड्या केल्या की पाण्याचं गाळणं. सुतळी आणि चार कपड्याचे चिमटे घेतले की कोपऱ्यात पडदा होतो. २०२१ ला आमच्या कोपऱ्यातला पडदा बघून शेजारच्या सहा बायका रांगेत उभ्या राहिल्या. कडी नसलेल्या दाराला बांधायलाही तीच सुतळी.

एक साबण, कडुनिंबाचा असला तर बरा, आणि झाकणाचा लहान डबा किंवा मग. रात्री संडासाला जाताना दोघी मिळून जा, बॅटरी घेऊन.

म्हातारं माणूस, लहान मूल असेल तर डायपर. आत्यांना सुरुवातीला राग आला होता, आता त्या स्वतः आठवण करतात.

निघताना

आधी मेन स्विच बंद, पाणी बोर्डापर्यंत पोचायच्या आत आणि कोरड्या हातानं. गॅसचा रेग्युलेटर काढून टोपी, सिलिंडर साखळीनं जखडून. गाद्या, धान्य, मिक्सर माळ्यावर. संडासाच्या भांड्यात वाळूनं भरलेली पिशवी दाबून ठेवली तर गटारीचं पाणी उलटं यायचं प्रमाण कमी होतं. गुरं असतील तर आधी त्यांना उंचावर न्या. तेही जमलं नाही तर निदान दावं सोडा, बांधलेलं जनावर मरतं. गाडी पाण्यात बुडाली असेल तर नंतर चालू करून बघायचा मोह आवरा, इंजिनात पाणी असताना चावी फिरवली की दुरुस्तीचा खर्च दुप्पट.

हे सगळं पाठ राहत नाही. दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवा, चार ओळींचा: स्विच, गॅस, फ्रिज, बूट.

एकदा उचलून बघा

पिशवी भरली की रात्री दिवे घालवून ती पाठीला लावा आणि जिना उतरा. पहिल्या वर्षी माझी पिशवी बारा किलो झाली होती आणि दुसऱ्या वळणावर मी बसले. पोरगा खदाखदा हसला. मग कुकर निघाला, देव निघाले (ते आता मे महिन्यातच माहेरी जातात, गणपतीच्या आधी परत), दुसरी चादर निघाली. अंधारात हात घालून औषधाची डबी सापडते का तेही बघा. नाही सापडली तर पुन्हा लावा.

ठेवायची जागा दाराजवळ, पण जमिनीपासून वर. पलंगाखाली नको, पाणी आधी तिथंच येतं. घरातल्या सगळ्यांना जागा माहीत हवी. पूर तुमची वाट बघत थांबत नाही, तुम्ही नोकरीवर असताना शाळेतनं आलेल्या पोरालाही ती काढता आली पाहिजे.

आणि घरी परत आल्यावर पिशवी तशीच कोपऱ्यात टाकू नका. चिखल उपसणं, खराटे, फिनेल, गाद्या वाळवणं या गडबडीत मी २०२१ ची पिशवी न उघडता माळ्यावर फेकली. पुढच्या मे मध्ये उघडली तर आत राजगिऱ्याच्या लाडवांना पांढरी लव, सेल गंजून बॅटरीला चिकटलेले, आणि ओढणीला असा कुबट वास की तिची फरशी पुसायची फडकी झाली. आता घट बसायच्या आधी घरातली धुणी निघतात तेव्हा पिशवीही रिकामी करते. खाऊ खाऊन टाकायचा, औषधं वापरात घ्यायची, कपडे धुवायचे, पिशवी उलटी करून दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात. चेन अडकत असेल तर तिच्यावर मेणबत्ती घासा, आणि यादीचा कागद तेवढा आतच राहू द्या.